टेक्सासात चराई वाळली, सरकार पैसे देतं का? एलएफपीबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ॲबिलीनच्या बाजूला १२० एकर घेतलीय, शेजारची १६० एकर तोंडी बोलीवर चरायला घेतलीय, १० गाई आणि ८० शेळ्या आहेत, पावसाने दगा दिलाय. काउंटीच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या रँचवाल्याला म्हणे दुष्काळाचे पैसे आले, पण दुष्काळाच्या मॅपवर तुमच्या जमिनीच्या जागी नुसता डी१, म्हणजे हलका दुष्काळ, दिसतोय, मग तुम्हाला मिळतील का आणि किती. तर बहुतेक मिळतील, तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी मिळतील, आणि त्यातले निम्म्याहून जास्त त्या तोंडी बोलीत अडकलेत. टेक्सास-ओक्लाहोमाच्या पट्ट्यातल्या रँचवाल्यांची कर्जं आणि कागदपत्रं बघणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा लांबण लावते, कंटाळू नका.

या स्कीमचं नाव लाइव्हस्टॉक फोरेज डिझास्टर प्रोग्रॅम, सगळे एलएफपीच म्हणतात. अमेरिकेच्या कृषी खात्याची फार्म सर्व्हिस एजन्सी, म्हणजे एफएसए, ती चालवते. हा विमा नाही, प्रीमियम नाही, आधी नाव नोंदवायची अट नाही. २००८ च्या फार्म बिलात, म्हणजे शेतीच्या मोठ्या कायद्यात, ही आली तेव्हा "आधी पीक विमा किंवा तसलं काहीतरी घेतलेलं पाहिजे" अशी अट होती, २०१४ च्या कायद्याने ती काढली आणि स्कीम कायमची केली. आपल्याकडे माण-खटाव बाजूला दुष्काळात चारा छावणी लागते, जनावरं दावणीला आणून बांधायची आणि चारा-पेंड तिथे मिळते. इथे तसलं काही नाही. जनावर तुमच्याच रानात राहतं, पैसे खात्यात येतात, त्याचा कडबा घ्या, कर्जाचा हप्ता भरा नाहीतर ट्रकचे टायर बदला, कोणी विचारत नाही. चारा विकत घेतल्याची पावतीसुद्धा मागत नाहीत. हे ऐकून लोकांना वाटतं की मग सोप्पंच आहे, आणि तिथेच फसतात, कारण तुमचं गवत किती वाळलं हे कोणी बघायला येत नाही तसंच ते वाळलं म्हणून कोणी पैसेही देत नाही. काउंटीचा मॅप काय सांगतो आणि तुमच्याकडे एकरांचे आणि जनावरांचे कागद काय आहेत, या दोन गोष्टींवर सगळं चालतं.

आधी मॅप. यूएस ड्रॉट मॉनिटर, १९९९ पासून निघतो, नेब्रास्का विद्यापीठातलं दुष्काळ केंद्र, हवामानवाली नोआ आणि कृषी खातं असे मिळून काढतात. मंगळवारी सकाळपर्यंतची परिस्थिती धरतात आणि गुरुवारी सकाळी मॅप बाहेर येतो. पिवळा म्हणजे डी०, नुसतं कोरडं, मग डी१, डी२, लाल डी३, आणि शेवटी तो गडद तपकिरी-लाल डी४. दुष्काळाच्या वर्षी इकडे गुरुवारी सकाळी कॉफी घेताना रँचवाल्यांच्या फोनवर आधी हा मॅप उघडतो, गुरांच्या बाजाराचे भाव त्यानंतर.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. कायद्यातले शब्द असे आहेत की काउंटीच्या "कुठल्याही भागात" दुष्काळाची ठरलेली तीव्रता नोंदली गेली पाहिजे. तुमच्या कुंपणाच्या आत डी३ असायची गरज नाही. काउंटीचा एक कोपरा डी३ मध्ये गेला की सगळी काउंटी पात्र. म्हणून तुमच्याकडे डी१ असला तरी वरच्या कोपऱ्यात लाल रंग आलाय ना, मग तुमचं पण दार उघडलं. आणि इथल्या काउंट्या काय साइजच्या असतात बघा, टेक्सासातली सगळ्यात मोठी ब्रूस्टर काउंटी आपल्या अख्ख्या सातारा जिल्ह्याच्या साधारण दीडपट आहे. तिथे एका टोकाच्या दुष्काळावर दुसऱ्या टोकाचा माणूस पैसे घेतो, आणि काउंटी लाइनच्या पलीकडे रस्ता ओलांडला की तशाच वाळक्या रानाच्या मालकाला शून्य. हे बरोबर आहे का? माझ्या मते नाही, पण घरोघर जाऊन गवत मोजायला माणसं ठेवायची तर पैसे दोन वर्षांनी मिळतील, त्यापेक्षा हे बरं असं मी मनाला समजावलंय.

आणि हो, जमीन ज्या काउंटीत प्रत्यक्ष आहे ती काउंटी धरतात, तुमचं घर किंवा तुमचं एफएसए ऑफिस कुठे आहे ते नाही. तुमची लीजची १६० एकर लाइनच्या पलीकडे जात असेल तर तो तुकडा वेगळा मोजला जाईल.

कुठल्या रंगाला किती, ते असं. डी३ एकदा जरी लागला, एका आठवड्यासाठी का होईना, तरी तीन महिन्यांचे पैसे. डी३ किमान चार आठवडे राहिला किंवा डी४ एकदा जरी दिसला तर चार महिन्यांचे. डी४ चार आठवडे झाला, सलग नसला तरी चालतो, तर पाच, आणि पाचाच्या वर काही नाही. खालच्या टोकाला डी२ आहे, तिथे नियम बदललाय. आधी सलग आठ आठवडे डी२ असेल तरच एका महिन्याचे मिळायचे, आणि सातव्या आठवड्यात दोन इंच पाऊस पडून मॅप सुधारला की सगळं पाण्यात, असं होताना बघितलंय. जुलै २०२५ मध्ये जो मोठा कायदा झाला त्यात सलग चार आठवड्यांना एक महिना, आणि आठपैकी सात आठवडे डी२ असेल तर दोन महिने असं केलं. जुन्या माहितीवर विसंबून "आपलं आठ आठवडे झालं नाही" म्हणून गप्प बसलेले लोक अजून भेटतात मला.

यात एक मेख आहे. हा दुष्काळ त्या चाऱ्याच्या चराईच्या हंगामात पडला पाहिजे. प्रत्येक काउंटीत प्रत्येक प्रकारच्या चराईसाठी, म्हणजे नैसर्गिक कुरण वेगळं, पेरलेलं-सुधारलेलं कुरण वेगळं, हिवाळ्यात गव्हावर चारतात ते वेगळं, अशा तारखा ठरलेल्या असतात. कुरणाचा हंगाम संपल्यावर थंडीत डी३ लागला तर कुरणासाठी तो धरत नाहीत, पण त्याच वेळी तुम्ही गव्हावर गुरं सोडली असतील तर त्या गव्हासाठी धरतात. तुमच्या काउंटीच्या तारखा ऑफिसात एका कागदावर छापलेल्या असतात, फोनवरही सांगतात.

आता पैसे किती, इथे बहुतेकांचा भ्रमनिरास होतो. हिशोब मक्याच्या भावावर आहे. एका मोठ्या गाईला दिवसाला १५.७ पाउंड मक्याइतकं खाणं लागतं असं धरलंय, ते गुणिले ३० दिवस, गुणिले मक्याचा भाव. दर वर्षी भाव बदलतो म्हणून दरही बदलतो. समजा मका बुशेलला ५ डॉलर आहे, बुशेल ५६ पाउंडांचं, तर गाईमागे महिन्याला साधारण ४२ डॉलर येतात. शेळी पाव गाय धरतात. म्हणजे तुमच्या १० गाई आणि ८० शेळ्या मिळून ३० युनिट, म्हणजे ३० गाईंइतकी, झाली. तुम्ही कॅल्क्युलेटर घेऊन ३० गुणिले ४२ करून बसला असाल, पण थांबा.

दुसरी बाजू जमिनीची. तुमच्या काउंटीत एका युनिटला किती एकर लागतात हा आकडा काउंटी कमिटी आधीच ठरवून ठेवते, ही कमिटी म्हणजे तिथल्याच शेतकऱ्यांनी निवडून दिलेले शेतकरी. समजा तो २० एकर आहे. तुमच्या १२० एकरांवर मग फक्त ६ युनिट बसतात. लीजची १६० धरली तर २८० एकरांवर १४. आणि नियम असा की जनावरांचा हिशोब आणि जमिनीचा हिशोब यातला जो कमी तो घ्यायचा, आणि त्याच्या ६० टक्के द्यायचे. म्हणजे दोन्ही जमिनी धरून १४ गुणिले ४२, ते ५८८, त्याचे ६० टक्के साधारण ३५३ डॉलर महिन्याला. डी३ लागलाय म्हणजे तीन महिने, हजार डॉलरच्या थोडं वर. त्यातून सिक्वेस्ट्रेशन नावाची सरकारी कपात पाच-सहा टक्क्यांची, मग उरले हजारच्या आसपास. आणि लीजचा कागद नसेल तर नुसत्या १२० एकरांचे सव्वाचारशेच्या आसपास. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुमच्या काउंटीचा एकरांचा आकडा आणि त्या वर्षीचा दर ऑफिसातून घ्या, पण प्रमाण हेच राहील.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या की शेळ्या वाढवून पैसे वाढणार नाहीत. तुमच्या जमिनीला झेपतात त्याच्या दुपटीहून जास्त जनावरं आत्ताच आहेत, सरकार त्या जादा जनावरांचा एक डॉलर देत नाही. हा आकडा बघून तरी रानावर किती ओझं टाकलंय याचा विचार करा असं मी म्हणेन, पण तो तुमचा प्रश्न नव्हता, असो. मोठ्या रँचवाल्यांना वरून टोपी आहे, एका माणसाला वर्षाला १,२५,००० डॉलर, त्याची काळजी तुम्हाला नाही. तशीच उत्पन्नाची मर्यादा, तीन वर्षांची सरासरी ९ लाख डॉलर. दोघांच्या आयटीच्या पगारातही ती सहसा ओलांडत नाही, पण तसा फॉर्म भरावा लागतो, सीसीसी-९४१, तो विसरू नका.

आता ती तोंडी बोली. इकडे शेजारधर्मावर भरपूर चालतं, हस्तांदोलन झालं की झालं लीज, वर्षाचा एक चेक, नाहीतर चेकही नाही, "कुंपण दुरुस्त करतो आणि गुरं सोडतो" एवढंच. शेजारी म्हणून हे फार छान आहे. पण एफएसएच्या काउंटरवर बसलेली बाई विचारते की या ट्रॅक्टवर, म्हणजे जमिनीच्या तुकड्यावर, चराईचा हक्क कोणाचा, आणि तिच्यासमोर हवाई फोटो छापलेला असतो, त्यावर प्रत्येक जमिनीला फार्म नंबर, ट्रॅक्ट नंबर, फील्डच्या कडा पांढऱ्या रेषेने काढलेल्या. ती पेनाने तळं वगळते, घर आणि कोठार वगळते, दाट सीडरचं जंगल असेल तर विचारते की याच्यात चरतात का नुसती सावलीला बसतात, मग जे उरतं ते तुमचे एकर. त्या १६० एकरांच्या पानावर तुमचं नाव नसेल तर ती पुढच्या पानावर जाते. एवढंच. वाद नाही, कटकट नाही, पैसे नाहीत.

त्यामुळे या आठवड्यात मालकाकडे जा. एक पानाचं लीज पुरतं, कोण कोणाला, कुठली जमीन, किती एकर, कुठल्या तारखेपासून, किती भाडं, दोन सह्या. जी बोली खरंच ज्या दिवसापासून चालू आहे तीच तारीख लिहा, उगाच मागची तारीख टाकून शहाणपणा करू नका. सरकारी फॉर्मवर खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, आणि पैसे व्याजासकट परत मागतात ते वेगळंच. तोंडी लीज खरंच होतं हे दाखवायला दिलेले चेक, बँकेची नोंद, मेसेज असं काही असेल तर ते सोबत न्या, मालक सही द्यायला तयार असेल तर ऑफिस ऐकून घेतं असा माझा अनुभव आहे. मालक तयार नसेल, आणि काही जण नसतात, त्यांना वाटतं की सरकारी कागदावर जमीन गेली की काहीतरी लचांड मागे लागेल, तर त्यांना हे सांगा की चराई भाड्याने दिली म्हणून त्यांचं काही जात नाही.

एक मात्र नक्की तपासा, भाडं कसं ठरलंय ते. एकरी किंवा वर्षाचं रोख असेल तर ठीक. पण जनावराचं वजन जेवढं वाढेल त्यावर पाउंडामागे पैसे अशी बोली असेल तर त्या जमिनीवर जनावरवाल्याला एलएफपी मिळत नाही, हे कायद्यातच लिहिलंय.

आणि याच्या उलट बाजूला आपले बरेच लोक बसलेत. डॅलस-ऑस्टिनच्या बाहेर ३०-४० एकर घ्यायची, प्रॉपर्टी टॅक्स कमी व्हावा म्हणून शेतीचं व्हॅल्युएशन लावून घ्यायचं, आणि त्यासाठी गावातल्या कोणाच्या तरी १०-१२ गाई आत सोडायच्या. मग दुष्काळात मला विचारतात की एलएफपी मिळेल का. नाही हो. गाई ज्याच्या, चराईचं नुकसान त्याचं, अप्लाय तो करणार, तुमच्या जमिनीवर, तुमच्या सहीच्या लीजवर. टॅक्सवालं अप्रेझल ऑफिस वेगळं आणि एफएसए वेगळं, एकाने शेती मानली म्हणून दुसरा मानतो असं नाही.

जनावरांचा पुरावा. दुष्काळाची ती पात्र तारीख सुरू व्हायच्या आधीच्या ६० दिवसांत जनावरं तुमची असली पाहिजेत, मालकीची, रोख भाड्याची किंवा खरेदीचा करार झालेली. डी३ लागल्यावर स्वस्तात मिळाल्या म्हणून घेतलेल्या गाई यात येत नाहीत. व्यवसायाची जनावरं पाहिजेत, मुलीच्या हौसेचा घोडा आणि रोपिंगचे, म्हणजे दोरीने गुरं पकडायच्या खेळाचे, घोडे चालत नाहीत, फीडलॉटमधली, म्हणजे एका जागी कोंडून खाऊ घालतात ती, चालत नाहीत. गाई, म्हशी-बायसन, शेळ्या, मेंढ्या, हरणं, लामा, अगदी इमू आणि शहामृगसुद्धा चालतात. शेळ्यांचं तुमच्याकडे काय आहे? सॅन अँजेलोच्या बाजारातून घेतल्या असतील तर ती विक्रीची चिठ्ठी जपून ठेवा, स्क्रेपी या रोगासाठी कानात लावतात ते टॅग नंबर एका वहीत लिहा, डॉक्टरचं बिल, जंताच्या औषधाची पावती, टॅक्स रिटर्नमधलं शेतीच्या उत्पन्नाचं पान म्हणजे शेड्यूल एफ, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. आणि जानेवारीपासून दर महिन्याची मोजणी तारीख टाकून लिहा, जन्म, मेलेली, विकलेली. फोनमध्ये फोटो काढला तरी चालेल.

वहीचं महत्त्व किती ते २०११ ने दाखवलं. टेक्सासच्या इतिहासातलं सगळ्यात कोरडं एक वर्ष, राज्याच्या शेतीचं नुकसान टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या लोकांनी ७६० कोटी डॉलरच्या वर काढलं होतं, लोकांनी अख्खे कळप उत्तरेला पाठवले नाहीतर बाजारात ओतले. आणि एलएफपीची मुदत नेमकी ३० सप्टेंबर २०११ ला संपली. त्यानंतर २०१२ मध्ये तर दुष्काळ अर्ध्या देशात पसरला, पण स्कीम नाही. मग २०१४ च्या फार्म बिलाने ती परत आणली, आणि १ ऑक्टोबर २०११ पासून मागे जाऊन लागू केली. आता तीन वर्षं मागची जनावरांची संख्या आणि लीज कोण आणून दाखवणार? माझ्या ओळखीतला एक म्हातारा होता, खिशातल्या छोट्या लाल वहीत प्रत्येक गाईचा टॅग, कधी विकली, कुठल्या ट्रेलरमध्ये भरली, सगळं पेन्सिलने लिहिलेलं, पानं घामाने चिकटलेली. वहीच्या झेरॉक्स काढताना पान सोडवायला सुरी लावावी लागली, पण त्याचं काम एका फेरीत झालं. शेजारच्या कुरणात त्याच्याहून दुप्पट गुरं असलेला माणूस बाजाराच्या जुन्या पावत्या मिळवत कितीतरी दिवस फिरत होता.

आणखी एक कारण कागद वेळेत टाकायचं. मधल्या काही वर्षांत काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दुष्काळासाठी जादा पैसे दिले, जसं की २०२१ साठी, आणि २०२३-२४ साठी, जे २०२५ मध्ये वाटले गेले. दोन्ही वेळा एफएसएने नवा अर्ज न मागता ज्यांचं एलएफपी मंजूर होतं त्यांच्याच यादीवरून पैसे पाठवले. "पाचशे डॉलरसाठी कोण खेटे घालणार" म्हणून ज्यांनी अर्जच केला नव्हता ते दुसऱ्यांदाही राहिले.

तर करायचं काय, सरळ सांगते. तुमच्या काउंटीच्या यूएसडीए सर्व्हिस सेंटरला फोन करून वेळ घ्या, आधी कधी गेला नसाल तर एक फेरी नुसती नाव-गाव नोंदवण्यात आणि फार्म नंबर काढण्यात जाईल, डीड म्हणजे खरेदीखत, लीज, सोशल सिक्युरिटी नंबर, बँकेचे तपशील न्या. एलएलसीच्या, म्हणजे कंपनीच्या, नावावर जमीन असेल तर तिचे कागद आणि सगळ्या मेंबरांची माहिती. मग एकरांचा रिपोर्ट, फॉर्म ५७८, चराईची प्रत्येक एकर त्यात आली पाहिजे. मग ओली जमीन आणि धूप होणारी जमीन याबद्दलचं हमीपत्र, एडी-१०२६. हे सगळं झाल्यावर खरा अर्ज, सीसीसी-८५३. शेवटची तारीख पुढच्या वर्षीची १ मार्च, पण फेब्रुवारीत त्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते, दोन-तीन माणसांवर अख्खी काउंटी चालते, ऑक्टोबर-नोव्हेंबरला जा. डोनट्स नेले तर कोणी नाही म्हणत नाही, नियम मात्र तेच राहतात.

पाणी देऊन वाढवलेलं कुरण असेल तर ते वगळतात, फक्त पाणीच मिळालं नाही म्हणून देता आलं नसेल तर धरतात. जमीन सीआरपी म्हणजे सरकारी संवर्धन करारात असेल तर तीही नाही.

व्हिसाचं तुम्ही लिहिलं नाही, पण हे वाचणारे बरेच जण एच-१बी वर असतील म्हणून सांगते. अर्जदार अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला लागतो. जमीन घेता येते, गाई घेता येतात, पण हे पैसे मागायला गेलात की स्टेटस विचारतात. आणि एच-१बी वर स्वतःच्या रँचवर काम करणं हा प्रश्नच वेगळा आहे, त्यासाठी इमिग्रेशनचा वकील गाठा, मला किंवा एफएसएच्या बाईला विचारू नका.

जनावरं विकू का ठेवू, हे तुम्ही शेवटी विचारलंय. एलएफपीसाठी अडवून ठेवू नका. या वर्षी दुष्काळ लागायच्या आधी ती तुमची होती एवढं पुरे, नंतर विकली तरी ती मोजली जातात. मागच्या एक-दोन वर्षांत दुष्काळामुळे विकलेल्यांचेसुद्धा, ते दुष्काळामुळेच विकले हे दाखवता आलं तर, नेहमीच्या दराच्या ८० टक्के मिळतात. लोकांना हे माहीत नसतं, आणि "पैसे येईपर्यंत थांबू" म्हणत हाडकुळ्या गाई वाळलेल्या रानात ठेवतात, रान मुळापासून जातं, गाय पडेल त्या भावाला जाते, आणि हजार डॉलरमध्ये फार दिवसांचा कडबाही येत नाही. तुमच्या जागी मी असते तर अर्ध्या शेळ्या भाव बरा आहे तोवर काढल्या असत्या, ईदच्या आधी भाव चढतो ते तुम्हाला माहीतच असेल.

बाकी दोन-तीन गोष्टी याच्या शेजारच्या आहेत, त्यांची गल्लत होते. आगीत कुरण जळालं तर एलएफपी फक्त केंद्र सरकारच्या ताब्यातल्या चराईच्या जमिनीसाठी आहे, जिथे आगीमुळे तुम्हाला गुरं सोडायला बंदी केली, तिथे ५० टक्के आणि जास्तीत जास्त १८० दिवस. टेक्सासात जमीन बहुतेक खाजगी, त्यामुळे फेब्रुवारी २०२४ च्या स्मोकहाउस क्रीक आगीत दहा लाख एकरांच्या वर जळालं तरी खाजगी कुरणाला एलएफपीची आगवाली बाजू लागली नाही. तिथे ईलॅप नावाची दुसरी स्कीम कामाला येते, आणि मेलेल्या जनावरांसाठी एलआयपी तिसरी. दुष्काळात जनावरांना टँकरने पाणी न्यावं लागलं किंवा चारा लांबून आणावा लागला तर तोही खर्च ईलॅपमध्ये काही प्रमाणात निघतो, म्हणून डिझेलच्या आणि वाहतुकीच्या पावत्या फेकू नका, कुठून कुठे किती मैल ते लिहून ठेवा. आणि पावसाच्या आकड्यावर चालणारा कुरणांचा विमा, पीआरएफ, तो वेगळा घ्यावा लागतो, त्याची मुदत १ डिसेंबर. तो घेतला म्हणून एलएफपी जात नाही. छोट्या कळपाला तो परवडतो का, याचं उत्तर तुमचा पावसाचा ग्रिड, म्हणजे विम्याच्या मॅपवरचा चौकोन, कुठला आणि दोन-दोन महिन्यांचे कुठले तुकडे निवडता यावर आहे, एजंटाकडून मागच्या वर्षांचे आकडे काढून घेतल्याशिवाय सही करू नका.

मॅप चुकीचा वाटत असेल तर ओरडण्यापेक्षा रिपोर्ट पाठवा. ड्रॉट मॉनिटरवाल्यांचा ऑनलाइन फॉर्म आहे, त्यात जागा टाकून फोटोसकट परिस्थिती कळवता येते, तळ्याचा, कुरणाचा, दर महिन्याला त्याच जागेवरून काढलेला फोटो असेल तर जास्त वजन पडतं. एकाच्या रिपोर्टने रेषा हलत नाही, पण काउंटीच्या ज्या भागातून कोणीच काही कळवत नाही तिथे ते लोक जवळच्या पर्जन्यमापकावर विसंबतात, आणि तो पर्जन्यमापक चाळीस मैलांवर असू शकतो. कुंपणाच्या खांबावर एक साधा पर्जन्यमापक लावा आणि कोकोराहास या पाऊस मोजणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात नाव नोंदवा, रोज सकाळी आकडा टाकायचा.

पैसे आल्यावर जानेवारीत १०९९-जी हा टॅक्सचा फॉर्म येईल. ते उत्पन्नच आहे, शेड्यूल एफवर दाखवायचं, "मदत आहे म्हणून टॅक्स नाही" असं काही नसतं. आणि दुष्काळामुळे नेहमीपेक्षा जास्त पैदाशीच्या गाई विकल्या असतील तर तो नफा पुढे ढकलून त्याच पैशात पुन्हा गाई घ्यायला मुदत मिळते, दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर झालेल्या भागात चार वर्षं. शहरातल्या सीपीएला, म्हणजे टॅक्स भरून देणाऱ्या अकाउंटंटला, हे बहुतेक वेळा आपणच सांगावं लागतं, त्यामुळे विक्रीच्या चिठ्ठ्यांची आणि नेहमी वर्षाला किती विकता त्या आकड्याची एक प्रत त्याच्याकडे आधीच देऊन ठेवा.